पाणी पिणारा नळ

"एकोणीस आजारी. त्यातल्या सतरा जणांनी ताक पिलं होतं!"

शिवानीनं हे असं ठणकावून सांगितलं की पारावरच्या म्हाताऱ्यांच्या चिमटीतली तंबाखू चिमटीतच राहिली. निलंगा तालुक्यातलं चिंचजवळगा काही फार जुन्या वळणाचं गाव नव्हे, पण नववीतल्या पोरीनं पारावर उभं राहून वही वाचून दाखवावी इतकं नव्या वळणाचंही नव्हतं. बिराजदारांची ही शिवानी स्वतःसुद्धा गेल्या दिवाळीपर्यंत वर्गात हजेरीपुरतंच तोंड उघडायची. मग जानेवारीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला एकटीला बोलावं लागलं, बक्षीस मिळालं, आणि बिराजदारांच्या घरातला कुठलातरी बांध फुटला तो फुटलाच. आई शिवकांता म्हणायची, "चौदा वर्षांचं साठलेलं बोलायली पोरगी, बोलू द्या."

गावात आठ दिवसांपासून जुलाब-उलट्यांची साथ होती. तीही एकाच गल्लीत. महादेवाच्या देवळापासून सुरू होऊन खाली ओढ्यापर्यंत उतरत जाणारी बावीस घरांची ही गल्ली. तिच्या माथ्यावर शिवानीचं घर, पायथ्याला दगडोबाचं. आशाताई वर्षाराणी सकाळ-संध्याकाळ मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं वाटत फिरायची. शिवानीची मैत्रीण पुनम तर दोन दिवस निलंग्याच्या दवाखान्यात सलाईनवर राहून आली होती, आणि तिचा चेहरा सुकलेल्या चिंचोक्यासारखा दिसत होता. तो चेहरा बघूनच शिवानीनं वही उघडली होती. घरोघर जाऊन विचारलं: काय खाल्लं, काय पिलं, कधी, कुठं? आणि सतरा वेळा एकच उत्तर आलं होतं. लक्ष्मीबाईचं ताक.

"आणि अजून एक," शिवानी म्हणाली. तिला आता थांबवणं अवघड होतं. "आमच्या घरी तिचं ताक येत न्हाई. आमची म्हैस हाय. आणि आमच्या घरात एकबी माणूस आजारी न्हाई!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. पारावर मधोमध बसलेले शिवप्पा अज्जा, म्हणजे शिवानीचे आजोबा, कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांसकट अभिमानानं फुलून आले. गावात त्यांचा शब्द शेवटचा मानायची पद्धत होती. ते म्हणाले, "लक्ष्मीबाई, ऐकलंस न्हवं? साथ हटेपर्यंत गाडी बंद."

लक्ष्मीबाई पाराच्या खाली उभी होती. फाट्यावर ताकाची गाडी लावणारी, पन्नाशीची, एकटी बाई. ती भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं फक्त पदर खोचला आणि म्हणाली, "बंद तर बंद, अप्पा. उन्हाळ्याचे दोन महिने गेले की माझं वरीस गेलं. म्हशीला काय मी पुस्तकं खाऊ घालू? रविवारी उदगीरकडचा बाजार हाय. शनिवारी टेंपो बोलवते, म्हैस घालवते."

आणि ती गेली. तो सोमवार होता.

शिवानीनं घरी जाऊन पहिलं काम काय केलं असेल? श्रीशैलकाकाला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून धाडला. तोही चांगला सहा मिनिटांचा.

श्रीशैलकाका फौजेत होता. सध्या शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानमध्ये. लोकांना वाटायचं काका तिकडं बंदूक घेऊन उभा असेल. पण काकाचं काम होतं पाण्याचं. नदीचं गढूळ पाणी उपसायचं, गाळायचं, औषध टाकायचं, टाक्या भरायच्या. युद्धानं पळून आलेली हजारो माणसं तिथल्या छावणीत ताडपत्रीखाली राहत होती, आणि काका म्हणायचा, "इथं गोळीनं एक मरतो तर पाण्यानं चार." आधी शिवानीला ते फक्त भारी वाक्य वाटायचं.

दुपारी काकाचं उत्तर आलं. मागं जनरेटरची घरघर.

"शाब्बास, शिवे! वही घेऊन घरोघर फिरलीस, आमच्या इथल्या डॉक्टरबाईसारखं काम केलीस. आता एक सांग. आजाऱ्यांना इचारलीस, बराबर. पण जे बरे हायेत त्यांना इचारलीस का?"

शिवानीनं फोनकडं बघितलं. बऱ्या माणसांना काय विचारायचं? ती तर बरीच आहेत की!

काका पुढं बोलत होता. "इथं बी असंच झालं होतं. कॉलरा आला. लोक म्हणाले, ती मासे विकणारी बाई. सगळे आजारी तिच्याकडचेच मासे खाल्लेले. तिची टपरी जाळून टाकली. बाई लेकरं घेऊन दुसऱ्या छावणीत गेली. कॉलरा मात्र इथंच ऱ्हायला. मग डॉक्टरबाईनं बऱ्या लोकांना इचारलं. ते बी तिचेच मासे खायचे, शिवे. छावणीत दुसरं मिळतंय काय खायला? आजार आला की माणसं आधी माणूस शोधतात."

शिवानीनं वहीचं कोरं पान काढलं.

वही घेऊन ती परत गल्लीत उतरली. एप्रिलचं ऊन असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावलीची जागा राखून बसलेली. पहिल्या घरातली काकू दारातच म्हणाली, "आता काय इचारतीस गं? मी धडधाकट हाय."

"म्हणूनच इचारते, काकू. लक्ष्मीबाईचं ताक पिलाव का तुमी?"

"रोजच की! या उन्हात ताकाबिगर जीव ऱ्हाईल का?"

"आणि तरीबी काय झालं न्हाई?"

"व्हावं अशी इच्छा हाय का तुजी?"

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस बरी माणसं झाली. त्यातल्या अडतीस जणांनी ताक पिलं होतं. शिवानी देवळाच्या ओट्यावर बसली आणि वहीकडं बघत राहिली. आजाऱ्यांतही जवळजवळ सगळे, बऱ्यांतही जवळजवळ सगळे. म्हणजे तिनं पारावर उभं राहून काय सांगितलं होतं? तर आजारी माणसं उन्हाळ्यात ताक पितात! तिनं तर आजारी माणसं श्वास घेतात असंही सांगितलं असतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

कान गरम झाले तिचे. पण खरं सांगायचं तर त्या गरम कानांच्या मधोमध, डोक्यात, एक वेगळाच किडा वळवळायला लागला होता. ताक नाही, मग काय?

शेवटचं घर उरलं होतं. दगडोबाचं.

दगडोबाच्या आळसाच्या गोष्टी गावात म्हणींसारख्या चालायच्या. बस चुकली तर तो धावायचा नाही, पुढच्या बसची वाट बघायचा, आणि तीही आली की म्हणायचा, "लई गर्दी हाय, तिसरीनं जाऊ." शिवानी गेली तेव्हा तो बाजेवर आडवा होता. घरात पाच माणसं, पाचही ठणठणीत.

"दगडोबाकाका, तुमच्या घरी एकबी आजारी कसं न्हाई?"

"आजारी पडायला बी उठावं लागतंय, पोरी," दगडोबा म्हणाला. आतून त्याची बायको ओरडली, "हसू नको गं त्याला! या माणसापायी मला रोज लाज. चार दिसाला नळ येतो, गल्ली झाडून सारी पहाटे घागरी घेऊन उभी, आणि हा म्हणतो समद्यांचं होऊ दे, मग भरू. समदी गल्ली पहिलं पाणी देवाला ठेवती, पितळी हंड्यात पिण्याला ठेवती. माझ्या नशिबी तासाभरानं उरलंसुरलं!"

शिवानीची पेन्सिल थांबली.

पहिलं पाणी. चिंचजवळग्यात हे सांगावं लागत नव्हतं. चार दिवसांनी नळ आला की पहिली घागर देवाची, दुसरी पिण्याची, मग स्वयंपाकाची, आणि सगळ्यात शेवटी आलेल्या पाण्यात धुणी-भांडी. पहिलं ते चांगलं, शेवटचं ते उष्टं. शिवप्पा अज्जा तर पहिल्या पाण्याशिवाय लिंगपूजेला बसायचे नाहीत.

"काकू," शिवानीनं हळूच विचारलं, "गल्लीत अजून कोण उशिरा भरतंय पाणी?"

अजून दोन घरं निघाली. एका घरातली सून एसटीत वाहक होती, ती ड्यूटीवरून येऊन भरायची. दुसऱ्या घरात दोघी म्हाताऱ्या बहिणी, गर्दीला घाबरून मागं राहणाऱ्या. तिन्ही घरांत मिळून अकरा माणसं. आजारी एकही नाही. आणि आजाऱ्यांची सगळी घरं? पहाटे उठणारी, पहिल्या पाण्याची.

त्या संध्याकाळी शिवानी जेवताना इतकी गप्प होती की आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

मंगळवारी नळाचा दिवस होता. साडेसहाला खालून आरोळी आली, "आलाऽऽ!" आणि गल्ली जागी झाली. नळ म्हणावं असं त्यात काही नव्हतं, हे आधी सांगायला हवं. पाण्याला जोर नसायचा. म्हणून प्रत्येकानं दारासमोर खड्डा खणला होता आणि नळाची तोटी काढून पाइपाचं उघडं तोंड त्या खड्ड्याच्या तळाशी सोडलं होतं. जितका खोल खड्डा तितकं जास्त पाणी. बिराजदारांचा खड्डा सगळ्यांत खोल, कमरेएवढा. अज्जांनी स्वतः उभं राहून खणून घेतलेला, उतरायला दोन दगडी पायऱ्याही होत्या. शेजारी गोठा. म्हशीला धुतलं की त्याचा ओघळ कधी कधी खड्ड्यापर्यंत यायचा. पण खड्डा तर खड्डाच, पाणी तर पाइपातून येतं, असं सगळे म्हणायचे.

शिवानी दोन काचेचे पेले घेऊन पुनमच्या दारात उभी राहिली. पुनमचं घर गल्लीच्या निम्म्यावर.

"येडी का तू?" पुनम उंबऱ्यावर बसून म्हणाली. तिच्या आवाजात अजून जोर नव्हता. "पाणी काय बघायला येतं?"

"गप. बघ."

पहिल्या धारेचा पेला. तासाभरानं दुसरा पेला. दोघींनी ते उन्हात धरले. दुसरा स्वच्छ. पहिल्यात धुरकट काहीतरी तरंगत होतं, आणि तळाशी काळपट बारीक कण बसत होते.

"अय्यो," पुनम म्हणाली. "हे पिले मी?"

"टाकी एकच. पाइप एकच. मग पहिलंच घाण कसं? पाइपात घाण शिरते कुठून?" शिवानीनं तिथंच उभ्या उभ्या काकाला विचारून टाकलं. तिकडं पहाटेचे चार-सव्वाचार झाले असतील, पण फौजी माणूस, उत्तर लगेच आलं. या वेळी काकाच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"शिवे, हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. छावणीत यायच्या आधी आमी एका शहरात होतो. तिथल्या वीजघरावर तोफगोळे पडले, पंप बंद. नऊ दिवस शहरातले पाइप कोरडे. दहाव्या दिवशी आमी डिझेल आणलं आणि पंप चालू केला. म्या केला, माझ्या हातानं. माणसं पिवळे डबे घेऊन धावली, नाचली, टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं माझ्या हाताचा मुका घेतला. पहिलं पाणी भरून नेलं त्यांनी. दोन दिवसांनी दवाखान्याच्या तंबूत जागा उरली न्हाई. पाइप भरलेला असतो तवा पाणी बाहेर ढकलतो. रिकामा होतो तवा आत ओढतो, शरबताच्या नळीसारखा. जिथं फट, जिथं उघडं तोंड, तिथून. शहरात फटी लई, आणि वर संडासांचे खड्डे. त्या नऊ दिवसांत पाइपांनी काय काय ओढलं, ते समदं पहिल्या पाण्यातनं बाहेर आलं. आता आमी पहिला अर्धा तास पाणी जमिनीवर सोडतो. लोक शिव्या घालतात. घालू दे."

शिवानीनं तो आवाज दोनदा ऐकला. मग गल्लीभर नजर फिरवली. आमच्याकडं कुठं युद्ध? कुठं तोफगोळे? पण पाइप तर दर चार दिवसांनी कोरडा होतो. आणि उघडी तोंडं? बावीस!

ती पळत घरी आली. नळ जायची वेळ झाली होती. खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलेलं, वर गवताच्या काड्या आणि एक म्हशीचा केस. वर देवळाजवळ पंचायतीच्या माणसानं व्हॉल्व्ह बंद केला. धार बारीक झाली, थांबली. मग खड्ड्याच्या तळातून आवाज आला: गुडूक. गुडूक. गुडगुडगुडूक.

हा आवाज शिवानीनं लहानपणापासून हजार वेळा ऐकला होता. लहान पोरं म्हणायची, नळ पाणी पितोय. कागदाची नाव टाकली तर ती गोल गोल फिरत तोंडाशी जायची. पण आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं: पितोय, तर ते जातंय कुठं? उतारानं खाली! खालच्या घरांच्या पाइपात!

पण "मला वाटतं" म्हणून आता भागणार नव्हतं. एकदा वाटलं होतं, त्यात एका बाईची गाडी गेली. दाखवायला हवं होतं. दारासमोरच्या किराणा दुकानात तिचे बाबा राजशेखर नारळ रचत होते.

"बाबा, जिलेबीचा रंग! केशरी! समदा द्या!"

"समदा? लगीन कुणाचं?"

"नंतर सांगते!"

चार पुड्या, एक बादली. पाणी लालभडक केशरी झालं. तिनं ते खड्ड्यात ओतलं, आणि नळानं ते गटागटा पिऊन टाकलं. खड्डा ओलीचिंब केशरी माती दाखवत रिकामा झाला. इतक्यात आई बाहेर आली.

"शिवे! काय केलीस हे?"

"खायचाच रंग हाय, आई. कुणाला काय होत न्हाई. शनिवारपर्यंत अज्जाला सांगू नको. तुला शपथ." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणि आई, शनिवारपर्यंत पाणी उकळून प्यायचं, एवढं गल्लीत सांगशील? माझं आता कोण ऐकंल न ऐकंल."

आईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग काही न विचारता वर्षाराणीला हाक मारायला गेली.

शुक्रवारी संध्याकाळी शिवानी लक्ष्मीबाईच्या दारात गेली. लक्ष्मीबाई गावाबाहेर, फाट्याजवळच्या हापशापाशी राहायची. तिच्या घरी नळच नव्हता. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आलीस? आता काय लिहायचं ऱ्हायलं वहीत? म्हशीचं नाव लिही. गौरा."

"मावशी, टेंपोला नका ना बोलवू. उद्या सकाळपर्यंत तरी."

"उद्या सकाळी काय होणार हाय?"

"मला वाटतं..." शिवानी अडखळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मला नक्की माहीत न्हाई. चुकलं तर अजून एकदा चुकंल."

लक्ष्मीबाईनं तिला वरून खालपर्यंत बघितलं. "टेंपोवाला आठला येणार हाय. तुझ्यासाठी त्याला नऊला सांगणार न्हाई मी. पोरी, तू हुशार हाईस, पर त्या दिवशी माझ्याकडं एकदा तरी आली होतीस का इचारायला? ताकात पाणी कुठलं घालते, एवढं तरी?"

शिवानी गेली नव्हती.

शनिवार. साडेसहा. "आलाऽऽ!"

बिराजदारांच्या पाइपातून पाणी आलं, साधं, नितळ. अज्जांनी पूजेची घागर भरली आणि ते आत गेले. वरून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत त्यांचंच घर पहिलं, त्यांना कोण काय पाठवणार? शिवानी मात्र खाली धावली. दुसरं घर, तिसरं घर, काहीच नाही. पाणी पाण्यासारखं. म्हणजे परत चुकलं?

आणि निम्म्यावरून किंकाळी आली.

पुनमची आजी तारामती खड्ड्यात उभी होती, हातात देवाचा तांब्या. तांब्यात केशरी पाणी. खालच्या चार-पाच घरांतूनही आरडाओरडा सुरू झाला. कुणाच्या हंड्यात फिकट पिवळं, कुणाच्या घागरीत चांगलं जर्द.

"महादेवा!" तारामतीनं तांब्या कपाळाला लावला. "देवानं केशर धाडलं गं माय! पुनम, आरतीचं ताट आण!"

"आजी, थांबा! देवानं न्हाई, आमी धाडलं!"

गल्लीच्या बायका, घागरी, पोरं, सगळी गोळा झाली. आवाज ऐकून अज्जाही पूजा अर्धी टाकून आले, अंगावर ओला पंचा, हातात ती घागर. शिवानी पुनमच्या ओट्यावर चढली. या वेळी वही नव्हती.

"मंगळवारी नळ गेल्यावर म्या जिलेबीचा रंग आमच्या खड्ड्यात ओतला. आमच्या. जिथं म्हशीचा ओघळ येतो त्या खड्ड्यात. नळानं तो पिला. आज पहिल्या पाण्यात तो तुमच्या देवाच्या तांब्यात आला. रंग दिसला म्हणून कळलं. त्याच्याबरोबर दर खेपेला जे येतं ते दिसत न्हाई. आमच्या घरात कुणी आजारी पडलं न्हाई, कारण आमी समद्यांच्या वर राहतो. समद्यांचा खड्डा असाच पितो, आणि पहिलं पाणी खालच्याला जातं. जे उशिरा भरतात, दगडोबाकाका, त्यांच्या घरात कुणालाच काय न्हाई. लक्ष्मीबाईमावशीच्या ताकाचा काय संबंध न्हाई. तसं म्या म्हणले होते. ते चूक होतं."

कुणी टाळी वाजवली नाही. दगडोबा मात्र गर्दीच्या मागून म्हणाला, "म्हणजे मी बराबर होतो?" आणि बायकोनं त्याला कोपर मारलं.

सगळे अज्जांकडं बघत होते. शिवप्पांचा खड्डा. शिवप्पांचा शब्द. शिवानीला दिसलं की अज्जांच्या गळ्यातली शीर उडते आहे. या माणसानं तो उन्हाळा बघितला होता, जेव्हा लातूरला आगगाडीनं पाणी आलं होतं. ते तोंड धुतलेलं पाणीही झाडाच्या बुंध्याला घालायचे. पाणी सांडलं म्हणून त्यांनी एकदा शिवानीच्या बाबांना, दोन लेकरांच्या बापाला, गल्लीदेखत झापलं होतं.

अज्जांनी हातातली घागर बघितली. त्यांचं पाणी तर नितळ होतं. तरीही त्यांनी ती वाकडी केली आणि सगळं पाणी गल्लीत ओतलं.

"ओता," ते म्हणाले. आवाज खरखरीत. "माझ्या दारापासून दगडोबाच्या दारापर्यंत. अर्धा तास कुणी घागर लावायची न्हाई. पूजा मागनं करू, महादेवाला घाई न्हाई."

"अप्पा, चार दिसाचं पाणी..." कुणीतरी म्हणालं.

"ओता म्हणलं न्हवं?"

आणि घागरी वाकल्या. पितळी, स्टीलच्या, प्लास्टिकच्या. केशरी, पिवळं, साधं पाणी एकमेकांत मिसळत ओढ्याकडं निघालं. तारामतीनं तांब्या सगळ्यांत शेवटी ओतला, तोंड फिरवून. वर्षाराणीताई तेवढ्यात पोचली आणि म्हणाली, लातूरच्या प्रयोगशाळेत पाण्याची बाटली धाडून आठ दिवस झाले, अजून उत्तर न्हाई, आणि इथं जिलेबीच्या रंगानं उत्तर दिलं. तिनं लगेच कुणाकुणाकडं तोट्या नाहीत ते विचारायला सुरुवात केली. बावीसच्या बावीस.

अर्ध्या तासानं पहिली घागर लागली तेव्हा अज्जा शिवानीजवळ आले. "तू तोंडानं बंद केलीस ना तिची गाडी? आणि म्या तुझ्या तोंडावर इश्वास ठेवला. चल, दोघं जाऊ."

"अज्जा, आठ वाजत आलेत!"

सत्तरीचा माणूस आणि पंधरा वर्षांची पोर, दोघंही धावले. हो, शिवप्पा बिराजदार धावले, ओल्या पंच्यावर, फाट्यापर्यंत! हे ज्यांनी बघितलं त्यांच्यावर पुढं कित्येक दिवस कुणी विश्वास ठेवला नाही.

लक्ष्मीबाईच्या दारात टेंपो उभा होता. गौराचे पुढचे दोन पाय फळीवर. लक्ष्मीबाई मागून तिला ढकलत होती आणि टेंपोवाला पुढून दावं ओढत होता. गौरा मधोमध, दोघांचंही ऐकत नव्हती.

"लक्ष्मीबाई," अज्जा धापा टाकत म्हणाले, "गाडी लाव. आमचं चुकलं."

"कुणाचं चुकलं?"

"माझं," शिवानी म्हणाली.

"आमचं," अज्जा म्हणाले. "खड्डा माझाच निघाला."

लक्ष्मीबाईला काही कळेना. शिवानीनं सगळं सांगितलं, गुडूक गुडूकपासून केशरी तांब्यापर्यंत. लक्ष्मीबाई ऐकत होती, पण तिचा चेहरा सैल होत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "पारावर चाळीस माणसांदेखत बंद केलाव. आता दोघंच येऊन लाव म्हणताव. लोक पितील का माझं ताक? एकदा नाव बसलं की बसलं."

दक्षिण सुदानमधली ती मासेवाली बाई परत आली होती का, हे शिवानीनं काकाला विचारलंच नव्हतं.

"ओ बाई," टेंपोवाला वैतागला. तो चाकूरकडचा, त्याला या गावाचं सुखदुःख काय? "म्हैस चढवायची की उतरवायची? उन्हात उभा करून मारताव का? घसा कोरडा पडला. ताक हाय म्हणताव ना? द्या की एक गिलास!"

लक्ष्मीबाई घरात गेली, मडक्यातलं ताक घुसळून पेल्यात ओतलं, वर जिरं-मीठ टाकलं आणि त्याच्या हातात दिलं. टेंपोवाल्यानं पेला तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. मघापासून तो सगळं ऐकत होता.

"पाणी कुठलं घातलंय?" त्यानं विचारलं.

पण लक्ष्मीबाई चिडली नाही. उलट ती टेंपोवाल्याकडं अशी बघायला लागली, जसं या पाच दिवसांत तिनं कुणाकडंच बघितलं नव्हतं.

"हापशाचं," ती म्हणाली. "रात्री उकळून झाकून ठेवलेलं. ये, चूल दाखवते. पातेलं दाखवते. बघूनच पी."

टेंपोवाला खरोखर आत गेला. अज्जाही मागोमाग गेले. गौरानं फळीवरचे पाय आपले आपणच खाली घेतले, आणि दावं शिवानीच्या हातात आलं.